सहावीतले शंभर: ना पैकीच्या पैकी, ना सरासरी

इंग्लंडमधल्या सरकारी प्राथमिक शाळेत सहावीतल्या एखाद्या मुलाला वाचनाच्या राष्ट्रीय चाचणीत ५० पैकी ३ गुण मिळाले, तर जुलैत घरी येणाऱ्या निकालपत्रात त्याच्या नावापुढे ८० हा आकडा असतो. ज्या घराला पंचाहत्तरच्या पुढे डिस्टिंक्शन म्हणायची सवय, तिथे ऐंशीला पेढे आणले जातील. पण इथे ८० ही तळाची पायरी आहे. तिच्या खाली आकडाच नाही. आणि ९९ आले तर? पुण्यातले आजोबा व्हिडिओ कॉलवर म्हणतील, अरे वा, एकच मार्क गेला. शाळेच्या हिशेबात मात्र ९९ चा अर्थ एवढाच, की मुलाने अपेक्षित पातळी गाठलेली नाही.

स्लाउ, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्ज अशा ठिकाणी राहणाऱ्या अनेक मराठी घरांत दर जुलैला हा घोळ होतो. त्यातले बरेच आईबाप दिवसभर आकड्यांतच काम करणारे. तरी मुलाच्या निकालपत्रापाशी ते अडखळतात आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. हा आकडा मुळात शाळा मोजण्यासाठी बनवलेला आहे. पालकांच्या हातात तो मुलाचं मोजमाप म्हणून येतो, तोही दोन ओळींच्या खुलाशासह. मग ज्याला जसं सुचेल तसा तो वाचतो.

आधी परीक्षा काय आहे ते पाहू. इंग्लंडमध्ये सहावीच्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांना मे महिन्यात चार दिवस ‘सॅट्स’ नावाच्या चाचण्या द्याव्या लागतात. वाचनाचा एक तासाचा पेपर, तीन उतारे, ५० गुण. व्याकरण, विरामचिन्हं आणि स्पेलिंग मिळून ७०. गणिताचे तीन पेपर मिळून ११०. त्यात अर्धा तास नुसती आकडेमोड आणि बाकी दोन पेपरांत शाब्दिक उदाहरणं आणि तर्क. लेखनाचा पेपर नसतो. वर्गशिक्षकच वर्षभराच्या कामावरून ठरवतात की मूल पातळीच्या दिशेने चाललंय, पातळीला पोचलंय की त्याहून खोलात गेलंय. तपासणी बाहेर होते, मिळालेले गुण ८० ते १२० अशा मापपट्टीवर बसवले जातात आणि १०० ही अपेक्षित पातळीची रेघ धरतात. या बदललेल्या गुणांना तिथे ‘स्केल्ड स्कोअर’ म्हणतात.

ही पट्टी आली २०१६ मध्ये. त्याआधी मुलांना ‘लेव्हल’ मिळायची आणि सहावीला लेव्हल चार पुरेशी मानत. २०१५ मध्ये वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत ती पातळी गाठणारी मुलं ८० टक्के होती. पुढच्याच वर्षी नवा अभ्यासक्रम, नवा पेपर, नवी रेघ आणि आकडा आला ५३ टक्के. एका वर्षात देशातली चौथा हिस्सा मुलं मठ्ठ झाली, असं तर कुणी म्हणणार नाही. रेघ वर सरकली होती. सरकारनेही दोन आकड्यांची तुलना करू नका म्हणून सांगितलं. पण मथळे लिहिणाऱ्यांना आणि त्या वर्षी सहावीत मूल असणाऱ्यांना ते सांगून काय उपयोग? त्याच वर्षी ३ मे रोजी काही पालकांनी चाचण्यांच्या निषेधार्थ मुलांना दिवसभर शाळेतच पाठवलं नव्हतं.

आता आकडा तयार कसा होतो? ही गोष्ट पालकांना कुणी नीट सांगत नाही आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

२०१६ मध्ये शिक्षकांच्या गटांना बसवलं गेलं. त्यांच्या हाती प्रश्नांची पुस्तिका दिली, प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. जेमतेम अपेक्षित पातळीचं मूल कुठपर्यंत बरोबर सोडवत जाईल, तिथे खूण करायची. या खुणांवरून रेघ ठरली. त्या वर्षीचा वाचनाचा पेपर अवघड होता. ५० पैकी २१ गुणांना १०० ठरले. त्यानंतर दरवर्षी नव्याने खुणा करत नाहीत. पुढच्या वर्षांचे प्रश्न आधीच काही शाळांतल्या मुलांना देऊन पाहतात, त्यांच्यासोबत जुळणीसाठी राखून ठेवलेले आणि कधीच बाहेर न येणारे प्रश्नही देतात. त्यावरून नवा पेपर जुन्यापेक्षा किती सोपा, किती कठीण ते निघतं आणि रेघ तेवढीच खालीवर केली जाते. म्हणून वाचनात १०० मिळवायला २०१७ मध्ये २६ गुण लागले, २०१८ आणि २०१९ मध्ये २८, २०२२ मध्ये २९, २०२३ मध्ये पुन्हा २४ आणि २०२४ मध्ये २७. २०२० आणि २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही.

हे आकडे नुसते वाचून सोडून देण्यासारखे नाहीत. समजा, एका घरात दोन भावंडं. थोरली २०२२ ला सहावीत, तिला वाचनात २८ गुण. धाकटा २०२३ ला, त्याला २५. टक्क्यांत पाहिलं तर ताई ५६, भाऊ ५०. घरात ताईचं कौतुक होणार. निकालपत्रात मात्र ताई रेघेच्या खाली आणि भाऊ वर. दोन पेपर समोरासमोर ठेवले तर निकालपत्र बरोबर सांगतंय हे पटतं. भावाचा पेपर खरोखरच अवघड होता.

किती अवघड, त्याची इंग्लंडभर चर्चा झाली होती. २०२३ च्या वाचनाच्या पेपरात टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात पुलाखाली राहणाऱ्या वटवाघळांवर उतारा होता. मुलं रडली, अनेकांचा पेपर पुरा झाला नाही, मुख्याध्यापकांच्या संघटनेने तक्रार केली आणि शालेय शिक्षणमंत्री निक गिब यांना आपण त्यात लक्ष घालू असं सांगावं लागलं. मग जुलैत निकाल आला आणि वाचनात अपेक्षित पातळी गाठणारी मुलं निघाली ७३ टक्के. २०१९ मध्येही ७३ टक्केच होती. पट्टीने आपलं काम चोख केलं.

चोख, पण देशाच्या पातळीवर. ज्या मुलीने पहिल्याच उताऱ्यावर वीस मिनिटं घालवली, डोळे पुसले आणि शेवटचा उतारा उघडलाच नाही, तिच्यासाठी पट्टीत सोय नाही. पेपर सरासरीने किती कठीण गेला हे पट्टीला कळतं, एकेका मुलाला किती घाम फुटला ते कळत नाही. मे महिन्यातल्या त्या एका तासाचा आकडा त्या मुलीला पुढे चिकटून राहतो. स्केल्ड स्कोअरचं समर्थन करणारी मंडळी एवढी एक गोष्ट कबूल करतील तर बरं.

आता घरातला हिशेब बघा. मुलीला गणितात १०४ मिळाले. बाबा फोनवरचं कॅल्क्युलेटर उघडतात, १०४ भागिले १२०, आले ८६.६७ टक्के. चांगलंय. मग आई म्हणते, अहो पण ८० पासून सुरू होतं ना, मग ८० वजा करा. २४ भागिले ४०, आले ६०. चेहरे पडतात. दोन्ही गणितं बरोबर, दोन्ही उत्तरं निरर्थक. नागपूरचं तापमान ४४ आणि महाबळेश्वरचं २२ असेल, तर नागपूर दुप्पट तापलंय असं कुणी म्हणत नाही, कारण शून्य अंश ही आपणच ठरवलेली खूण आहे. इथलं ८० आणि १२० तसंच आहे. या आकड्याला भागायचं नाही, वजा करून टक्के काढायचे नाहीत. तो फक्त १०० च्या कुठल्या बाजूला आणि साधारण किती अंतरावर आहे, एवढंच बघायचं. ११० आणि त्यापुढच्यांना वरची पातळी गाठली असं धरतात. तिथे साधारण चारातलं एखादं मूल पोचतं, विषयागणिक थोडं कमीजास्त.

बरं, १०० म्हणजे सरासरी तरी आहे का? तेही नाही. मराठी पालकांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो.

२०१९ मध्ये देशाची सरासरी वाचनात १०४, गणितात १०५ आणि व्याकरणात १०६ होती. म्हणजे १०२ मिळवणारं मूल पातळीच्या वर आणि सरासरीच्या खाली, दोन्ही एकाच वेळी असतं. यात विसंगती काही नाही. १०० ही ‘एवढं यायलाच हवं’ अशी रेघ आहे. वाचनात चारातली जवळजवळ तीन मुलं ती ओलांडतात, मग सरासरी तिच्या वर असणारच. याच अर्थाने १०० वर उभं असलेलं मूल वर्गाच्या मधोमध नसतं, त्याच्या मागे जेमतेम पाव वर्ग असतो.

पण त्याच घरात दुसरा एक १०० फिरत असतो. स्लाउ किंवा बकिंगहॅमशरमध्ये राहणाऱ्या पालकांना विचारा. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर वर्ष-दोन वर्षं एकच विषय असतो, ‘इलेव्हन प्लस’. ग्रामर शाळांच्या, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या माध्यमिक शाळांच्या, या प्रवेश परीक्षेतही गुण तीन आकड्यांत येतात. स्लाउच्या चार ग्रामर शाळांसाठी १११ लागतात, बकिंगहॅमशरला १२१. या परीक्षेत गुण इतर मुलांच्या तुलनेत ठरतात, आणि मुलाचं वय महिन्यांत मोजून त्याचीही भर-घट होते. अशा तुलनात्मक चाचण्यांत बहुधा १०० म्हणजे बरोब्बर सरासरी असते, आणि साधारण दोनतृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. शाळा वर्षभर अधूनमधून घेतात त्या खासगी संस्थांच्या चाचण्यांचाही हाच हिशेब. इथला १०० म्हणजे मधोमध; सॅट्समधला १०० म्हणजे उंबरठा. दिसायला दोन्ही सारखे आहेत आणि निकालपत्रावर कुठला कुणाचा हे सांगणारी खूण नसते. सप्टेंबरात १०३ मिळवलेल्या मुलीला जुलैत १०८ मिळाले की घरात म्हणतात, बघा, मेहनत केली तर पाच मार्क वाढले. वाढले की नाही, हे या दोन आकड्यांवरून सांगताच येत नाही.

वयाचा मुद्दाही जाता जाता सोडण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं, त्यामुळे एकाच वर्गात सप्टेंबरचं मूल आणि त्याच्याहून जवळजवळ वर्षाने लहान ऑगस्टचं मूल शेजारी बसतं. दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या लंडनच्या संस्थेने ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं परीक्षांत मागे पडतात हे अभ्यासातून दाखवून दिलं आहे. इलेव्हन प्लसमध्ये वयाची सवलत आहे, सॅट्समध्ये नाही. ऑगस्टच्या मुलाचे ९८ आणि सप्टेंबरच्या मुलीचे ९८ निकालपत्रात तंतोतंत सारखे दिसतात.

आता वेळापत्रक बघा, कारण निम्मी काळजी तिथेच संपायला हवी. ग्रामर शाळांची परीक्षा सहावीच्या सुरुवातीला, सप्टेंबरात. माध्यमिक शाळेत जागा कुठे मिळाली हे कळतं १ मार्चला. सॅट्स त्यानंतर मे महिन्यात आणि निकाल जुलैत. म्हणजे पेपर सुरू व्हायच्या दोन महिने आधी पुढची शाळा ठरलेली असते. या निकालावर कुठलाही प्रवेश अडत नाही. पास-नापास नाही, पुन्हा बसणं नाही, वर्ष वाया जाणं नाही. तरीही जानेवारीपासून शिकवण्या लागतात, ईस्टरच्या सुट्टीत सराव वर्ग भरतात, शाळाही जुने पेपर घोटून घेतात. पालक शिकवणीला पैसे मोजतात ते भीतीपोटी. शाळा घोटून घेते ते तिची स्वतःची परीक्षा असते म्हणून.

कारण सॅट्सचा निकाल शाळेच्या नावावर लागतो. कुठल्या शाळेत किती टक्के मुलांनी पातळी गाठली, हे सरकार जाहीर करतं. सगळ्यांत गाजणारा आकडा म्हणजे वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत पातळी गाठलेल्यांचा. तो २०१९ मध्ये ६५ टक्के होता, २०२२ मध्ये ५९ वर आला आणि २०२५ मध्ये ६२ झाला. गंमत म्हणजे व्याकरण आणि स्पेलिंग यात धरतच नाहीत. त्या ७० गुणांसाठी मुलांनी वर्षभर घोकलेल्या व्याकरणातल्या संज्ञा या मुख्य आकड्यात कुठेच येत नाहीत. पुढे माध्यमिक शाळेने मुलाला किती पुढे नेलं हे मोजायलाही याच निकालाचा पाया धरतात. ‘प्रोग्रेस ८’ नावाचं माप त्यावर उभं आहे. कोविडच्या दोन वर्षांत सहावीच्या मुलांची चाचणीच झाली नाही, म्हणून ती मुलं दहावी-अकरावीच्या वयाला पोचून जीसीएसई या शालान्त परीक्षेला बसली तेव्हा, म्हणजे २०२५ आणि २०२६ साठी, हे मापच काढता येत नाही. पाया नाही, तर भिंत कशी मोजणार? कुणाचा जीव यात गुंतलाय, हे यावरून कळावं.

म्हणून पालकांना दोष देणं सोपं आणि चुकीचं आहे. त्यांच्यासमोर प्राथमिक शाळेच्या सात वर्षांत किती वेगवेगळी मापं येतात ते पाहा. पहिलीच्या मुलाला ४० शब्द वाचायला देतात, त्यातले काही मुद्दाम निरर्थक. ३२ आले की झालं. सुरुवातीच्या दोन वर्षांत हा ३२ आधीच जाहीर होता आणि निकालात ३२ वर अचानक मुलांची गर्दी दिसली, ३१ वर फारच थोडी. शिक्षकांच्या मायेचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. नंतर तो आकडा चाचणी होईपर्यंत गुप्त ठेवू लागले. चौथीत पाढ्यांची चाचणी, संगणकावर, २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. इथे उत्तीर्णतेची रेघच नाही, २५ पैकी जे येतील ते. पाढे पाठ असलेलं मराठी मूल इथे बहुधा बाजी मारतं आणि घर निर्धास्त होतं. मग सहावीला तेच मूल गणितात ९९ आणतं, कारण तिथे पाढ्यांपेक्षा शाब्दिक उदाहरणं आणि इंग्रजी वाचून अर्थ लावणं जास्त असतं. आईबापांना वाटतं, पोरगं मागे गेलं. तीन चाचण्या, तीन मापं, आणि एकातून दुसरं काढायची सोय नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. एमएचटी-सीईटीच्या निकालाच्या दिवशी इथेही घरोघर हेच चालतं. पेपर अनेक सत्रांत होतात, प्रत्येक सत्र सारखंच कठीण नसतं, म्हणून पर्सेंटाइल देतात. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत, आपल्या सत्रातल्या शंभरातल्या ९२ जणांच्या बरोबरीने किंवा पुढे असणं. हे आता बारावीच्या पालकांना पाठ झालंय, पण ते पाठ व्हायला त्यांना स्वतःच्या मुलाचा प्रवेश पणाला लावावा लागला. इंग्लंडमधला मराठी बाप मनातल्या मनात स्केल्ड स्कोअरलाही पर्सेंटाइलच समजतो, आणि तिथे पुन्हा फसतो. पर्सेंटाइलमध्ये सगळी मुलं सुधारली तरी तुम्ही जागेवरच राहता. सॅट्सच्या पट्टीवर सगळीच मुलं सुधारली तर सगळीच वर जातात.

आपल्याकडच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणातही गुण पट्टीवर आले होते. १२ नोव्हेंबर २०२१ ला तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीच्या मुलांची ही पाहणी झाली तेव्हा निकाल ५०० च्या मापपट्टीवर दिला होता. पाचवीच्या गणिताची देशाची सरासरी २८४ होती. या आकड्याला पाचाने भागून टक्के काढायचा मोह भल्याभल्यांना होतो. फरक एवढाच, की या सर्वेक्षणात कुणा एका मुलाचा निकाल घरी आला नाही. मोजायचं आहे व्यवस्थेला, मग मुलाच्या हातात आकडा ठेवायचा कशाला, हा साधा विचार तिथे केला गेला. इंग्लंडने तो केलेला नाही.

सिंगापूरने दुसरी वाट धरली, आणि तीही बघण्यासारखी आहे. तिथेही बरीच मराठी कुटुंबं आहेत आणि तिथली सहावीची परीक्षा, पीएसएलई, खरोखरच प्रवेश ठरवते. २०२० पर्यंत तिथे ‘टी-स्कोअर’ होता. प्रत्येक विषयात सरासरीला ५० धरायचे, मूल सरासरीपासून किती दूर आहे त्यावरून गुण द्यायचे आणि चार विषयांची बेरीज करायची. एका गुणाच्या फरकाने शाळा बदलायची. आपल्या मुलाचा आकडा दुसऱ्यांच्या मुलांवर अवलंबून, त्यामुळे स्पर्धेला अंत नाही. २०१२ पासून सरकारने पहिल्या आलेल्या मुलांची नावं जाहीर करणं थांबवलं, आणि २०२१ मध्ये टी-स्कोअरच काढून टाकला. आता विषयागणिक आठ पायऱ्या आहेत. ९० आणि त्यापुढे पहिली, ८५ ते ८९ दुसरी, अशा उतरत जातात. चार विषयांची बेरीज सर्वात उत्तम ४, सर्वात कमकुवत ३२. ९१ आणि ९७ एकाच पायरीवर. पालकांची धावपळ त्याने थांबली असं कुणी म्हणणार नाही, पण आकडा निदान डोळ्यांना दिसतो तसाच असतो. ८६ मिळाले म्हणजे दुसरी पायरी.

इंग्लंडची पट्टी शास्त्रीयदृष्ट्या सिंगापूरच्या पायऱ्यांपेक्षा जास्त न्याय्य आहे, यात शंका नाही. वर्षावर्षातल्या पेपरांचा फरक ती भरून काढते. पण शास्त्र अर्धंच घरी पाठवतात. कुठलीही चाचणी अचूक नसते. तेच मूल आठवड्याने दुसऱ्या पेपरला बसलं असतं तर दोनचार गुण इकडेतिकडे झालेच असते. चाचण्या बनवणारी सरकारी यंत्रणा हे जाणते, तिच्या तांत्रिक पुस्तिकेत या चुकीचा हिशेब छापलेला असतो. निकालपत्रात तो नसतो. तिथे येतं फक्त ‘९९, पातळी गाठली नाही’ किंवा ‘१००, पातळी गाठली’. एका गुणाने पडलेली ही दरी पुस्तिका लिहिणाऱ्यांनाही खरी वाटत नसेल, पण अकरा वर्षांच्या मुलीला ती अगदी खरी वाटते. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने निकालपत्रात स्केल्ड स्कोअरच्या शेजारी मूळ गुण, त्या वर्षीची १०० ची रेघ किती गुणांवर होती ते, देशाची सरासरी आणि चुकीची शक्यता दाखवणारा पट्टा छापावा. चार आकडे जास्त. छपाईचा खर्च काही वाढत नाही.

तोवर पालकांनाच हालचाल करावी लागेल. जुलैच्या त्या आठवड्यात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ११३, ११५, ११८ असे आकडे पडू लागतात. ज्यांचे ९७ आले ते गप्प असतात, त्यामुळे सगळ्यांचेच ११५ आल्यासारखं वाटतं. भारतीय वंशाची मुलं इंग्लंडच्या सरकारी आकडेवारीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच वर असतात, म्हणून मराठी घरात १०३ हा पराभव ठरतो. प्रत्यक्षात देशातली बरीच मुलं त्याच्या मागे असतात. ग्रुप बंद ठेवून शाळेकडे जावं. शाळेकडे मूळ गुण असतात. कुठल्या प्रकारच्या प्रश्नांत मूल अडलं, अपूर्णांकात की उताऱ्यातून अनुमान काढण्यात, याचीही माहिती तिच्याकडे असते. निकालपत्रावरून हे कळायला मार्ग नाही आणि सुट्टीत मुलाबरोबर बसून काही करायचं असेल तर हेच कळायला हवं. उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते, सहावीचे शिक्षक तोवर भेटतात. सप्टेंबर उजाडला की मूल नव्या शाळेत असतं, आणि तिथल्या अनेक शाळा जुना निकाल बाजूला ठेवून पहिल्याच महिन्यांत स्वतःची चाचणी घेतात. तिचे गुणही तीन आकड्यांत येतात, फक्त तिथला १०० सरासरीचा असतो.